किचनच्या जुन्या ट्रॉल्या रंगवायच्या की बदलायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की आमच्या वर्कशॉपचा फोन वाजायला लागतो. दिवाळीला पाहुणे येणार असतात आणि किचनकडे बघून घरच्यांना एकदम लाज वाटायला लागलेली असते. मी ट्रॉल्या आणि फर्निचर बनवतो, म्हणजे नवं किचन विकणं हाच माझा धंदा. तरी खालची उत्तरं वाचून निम्म्या लोकांना नवं किचन करावंसं वाटणार नाही, हे मला माहीत आहे. चालेल.

किचन कळकट दिसतंय. नुसता रंग मारून भागेल का?

फोनवर याचं उत्तर देता येत नाही. लोक मला दारांचं वर्णन सांगतात आणि मला हवी असते सिंकखालची बातमी. दार पिवळं पडलेलं असो, चिकट असो, ओरखड्यांनी भरलेलं असो, ते वरवरचं दुखणं आहे. आतला सांगाडा कुजला असेल तर मात्र वरून काहीही थापा, दोन पावसाळ्यांत पुन्हा मला फोन कराल.

तेव्हा आधी सिंकखालचं शटर उघडा. फिनेलची बाटली, घासण्या, पिशव्या भरलेली पिशवी, सगळं बाहेर काढा. (ती पिशव्यांची पिशवी नसलेलं किचन मी अजून पाहिलेलं नाही.) मोबाइलचा टॉर्च लावा आणि तळाची पाटी अंगठ्याने दाबत जा. पाइप भिंतीत शिरतो ती जागा आणि मागचे दोन कोपरे यांवर जास्त लक्ष द्या. पाटी टणक लागली तर निश्चिंत व्हा. चहात बुडवलेल्या टोस्टसारखी दबली तर तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून हलका जोर द्या. टोक आपसूक आत गेलं की रंगाचा विषय संपला, निदान त्या खणापुरता.

‘त्या खणापुरता’ हे शब्द विसरू नका. एका घरी मला अख्खं किचन बदलायला बोलावलं होतं. बघितलं तर कुजलेला होता एकटा सिंकचा खण. वेस्ट पाइपच्या चाकीतला वॉशर गेला होता आणि थेंब थेंब पाणी कित्येक महिने पाटीवर पडत होतं. वॉशर बदलला, तो एक खण नवा केला, बाकीची शटरं नीट केली. नव्या किचनची ऑर्डर गेली, पण त्या गल्लीतली पुढची तीन कामं मला त्याच घरामुळे मिळाली.

आमच्या ट्रॉल्या कशाच्या आहेत हे कसं ओळखायचं? बिल्डरने ‘वूडन’ म्हणून दिल्यात.

शटरच्या आतल्या बाजूला बिजागरीची वाटी जिथे बसते तिथे ३५ मिलिमीटरचा गोल खड्डा असतो. एक बिजागरी सोडवा आणि त्या खड्ड्याच्या कडेला बघा. तिथे मायका नसतो, त्यामुळे आतला माल उघडा दिसतो.

आडवेतिडवे थर दिसले तर प्लायवूड. सगळीकडे एकसारखा, बारीक, बिस्किटाच्या चुऱ्यासारखा तपकिरी लगदा असेल तर एमडीएफ. लाकडाचे जाडेभरडे तुकडे एकमेकांना चिकटवल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. बिल्डरच्या ‘वूडन’मध्ये बहुतेक वेळा हा तिसराच निघतो, आणि तो लाकडापासूनच केलेला असतो म्हणून बिल्डर खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

हे ओळखणं का महत्त्वाचं? पाण्याशी प्रत्येकाचं वेगळं वागणं असतं. प्लायचे थर सुटतात, पण त्याला वेळ लागतो, आणि सुरुवातीलाच लक्षात आलं तर शिकंजा लावून थर पुन्हा चिकटवता येतात. एमडीएफ कडेने पाणी पितो आणि फुगतो, आणि एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी बसत नाही. पार्टिकल बोर्डाचं तर स्क्रूशीच पटत नाही. चार वेळा स्क्रू काढून घातला की भोक मोठं होतं आणि शटर लोंबायला लागतं.

प्लायमध्येही जाती आहेत. बाजारात ज्याला ‘कमर्शियल’ म्हणतात तो एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारा. त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा. हे दोन्ही आयएस ३०३ या मानकाखाली येतात. ‘मरीन’ म्हणून मिळतो तो आयएस ७१०. शिक्का मायक्याखाली झाकला गेलेला असतो, पण माळ्याच्या किंवा वरच्या कपाटाच्या मागे कधी कधी उघडा सापडतो. स्टुलावर चढून बघायला हरकत नाही. मागची धूळही निघेल.

ट्रॉल्या बदलायच्या तर ओटा फोडावा लागेल का?

या भीतीपायी किती तरी लोक दहा दहा वर्षं कुजक्या खणांवर दिवस काढतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ओटा फोडावा लागत नाही.

खाली वाकून बघा. ओट्याचा ग्रॅनाइट कशावर टेकला आहे? महाराष्ट्रातल्या जुन्या-नव्या बहुसंख्य किचनमध्ये तो कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर किंवा विटांच्या बांधकामावर टेकलेला असतो. लाकूडकाम त्याच्या पोटात नंतर बसवलेलं असतं. कधी पुरता बॉक्स असतो, तर कधी कडप्प्याला लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर नुसती शटरं आणि चॅनल (ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) लावलेले असतात. म्हणजे ओट्याचा भार लाकडावर नाहीच. लाकूड सगळं बाहेर ओढलं तरी वर कुकरची शिट्टी होत राहील.

पूर्ण मॉड्युलर पद्धतीच्या नव्या किचनमध्ये मात्र कडप्पा टाळून थेट बॉक्सवर दगड ठेवलेला असतो. तिथे खालचे बॉक्स बदलायचे तर दगड उचलावा लागतो. ग्रॅनाइट उचलताना सिंकच्या किंवा शेगडीच्या कापाजवळ तडकण्याचा धोका असतो, कारण तिथे दगडाची पट्टी अरुंद राहिलेली असते. अशा ठिकाणी मी ग्राहकाला आधीच सांगतो: दगड शाबूत निघाला तर तुमचं नशीब, नाही तर नवा दगड हिशेबात धरा.

कडप्प्यावर उभ्या ओट्यामुळेच आपल्याकडे एक तिसरी वाट मोकळी असते. कडप्पा आणि चौकट ठेवायची, शटरं तेवढी नवी करायची. लोक मला विचारतात ‘रंग की नवं?’ आणि माझं उत्तर बहुधा या दोन्हींत बसत नाही.

सनमायकावर रंग बसतो का?

बसतो. टिकतो का, ते पूर्वतयारीवर आहे.

मायका म्हणजे राळेत भिजवलेले कागदाचे थर एकावर एक ठेवून उष्णतेने आणि दाबाने केलेला पत्रा. वरचा थर मेलामाइनचा असतो. तो पाणी पीत नाही, तेल पीत नाही, तसा रंगही पीत नाही. नेहमीच्या भिंती रंगवणाऱ्याला बोलावून त्यावर ऑइल पेंटचे दोन हात मारून घेतलेत तर आठ दिवस सुंदर दिसेल. मग मूठ असते त्या जागी नख लागेल आणि दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा निघेल.

रंग धरायचा असेल तर आधी तेल पूर्ण निघालं पाहिजे. आपल्या फोडणीचं तेल हवेत उडतं आणि वरच्या शटरांवर बसतं, ते जुनं झालं की गोंदासारखं घट्ट होतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडक्याने दोनदा पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा. हातात मोजे घाला, सोडा कातडी खातो. वाळल्यावर बोट फिरवा. बोट अडखळलं तर अजून तेल आहे. हे न करता पॉलिश पेपर मारलात तर तेच तेल तुम्ही मायक्याच्या ओरखड्यांत भरत असता, आणि मग कुठलंही प्रायमर धरत नाही.

मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर २२०. मायका फाडायचा नाही, त्याची चकाकी मारायची. धूळ ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, प्लास्टिक-काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारं प्रायमर लावायचं. दुकानात ‘लाकडाचं प्रायमर द्या’ म्हणालात तर चुकीचा डबा हातात येईल. ‘मायक्यावर मारायचंय, पकडणारं प्रायमर द्या’ असंच म्हणा. इपॉक्सी प्रायमरही चालतं.

आणि सगळ्या किचनला हात घालण्याआधी एका शटरच्या आतल्या बाजूला प्रयोग करा. प्रायमर आणि रंग लावून तीन-चार दिवस थांबा, ब्लेडने बारीक चौकटी पाडा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर चौकोन निघून आले तर तयारी कमी पडली. हे आत्ता कळलेलं स्वस्तात पडतं.

मेम्ब्रेन शटरांचं वेगळं आहे. त्यांत एमडीएफवर पीव्हीसीची पातळ कातडी गरम करून ओढून बसवलेली असते. शेगडीजवळ ती कडेने सुटते. सुटलेल्या कातडीवर रंग मारू नका. हॉट एअर गनने ती पूर्ण सोलून काढा आणि खालच्या एमडीएफवर रंगकाम करा. खाली माल चांगला असेल तर हे काम फार छान होतं.

कोणता रंग घ्यावा? ऑइल पेंट, पीयू की ड्यूको?

घरातल्या घरात ब्रशने किंवा छोट्या रोलरने काम करायचं तर इनॅमल (ऑइल पेंट हा त्यातलाच एक). फिनिश हवं असेल आणि खिशाला झेपत असेल तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

पांढऱ्या ऑइल पेंटबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फसवते. तेलाच्या इनॅमलचा पांढरा रंग काळोखात जास्त पिवळा पडतो. म्हणून शटरची बाहेरची बाजू बरी राहते आणि आतली बाजू, कपाट बंद असतानाच, हळदीच्या दुधासारखी होते. पांढराच हवा असेल तर पाण्यात मिसळायचं इनॅमल घ्या. ते पिवळं पडत नाही म्हटलं तरी चालेल, आणि वासही कमी.

पीयू दोन डब्यांत येतो. रंग आणि हार्डनर कालवला की ठरावीक वेळेत वापरावा लागतो, नाही तर डब्यातच घट्ट होतो. तो फवारून मारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, आणि त्याचा फवारा फुप्फुसांना वाईट. नाकाला रुमाल बांधून स्वयंपाकघरात पीयू मारणारे कारागीर मी पाहिलेत. करू देऊ नका. शटरं काढून वर्कशॉपला न्यायला सांगा. तिथे धूळही बसत नाही, त्यामुळे फिनिशही चांगलं येतं.

ड्यूको म्हणजे गाड्यांना मारायचा तो लॅकर. दिसायला आरसा, पण किचनमध्ये लवकर ओरखडतो. शोकेसला ठीक आहे.

स्वतः घरी करता येईल का? किती दिवस लागतात?

येईल. आठवडा धरा, आणि तो आठवडा पोळीभाजी केंद्राच्या भरवशावर काढायची तयारी ठेवा. काम तेवढ्या तासांचं नसतं, वाळण्याची वाट बघण्याचं असतं. इनॅमलच्या एका हाताला वरून सुकायला सहा-आठ तास लागतात, पण दुसरा हात दुसऱ्या दिवशीच मारावा. आणि रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. पुढचे आठ दिवस शटरं आपटू नका, ओल्या फडक्याने पुसू नका.

शटरं जागेवर ठेवून रंगवू नका. काढा, आडवी ठेवा. आडव्यावर ओघळ येत नाहीत. काढताना प्रत्येकाला नंबर द्या आणि नंबर बिजागरीच्या वाटीत लिहा. मी धंद्याच्या पहिल्या वर्षी चौदा शटरांच्या मागे पेन्सिलीने नंबर घातले आणि मग पॉलिश पेपरने स्वतःच ते पुसून टाकले. दिसायला सगळी सारखी, पण बसवताना एकही आपल्या जागी बसेना. रात्री साडेअकरापर्यंत शटरांचं कोडं सोडवत बसलो होतो आणि घरच्या काकू दर अर्ध्या तासाने चहा विचारत होत्या. वाटीत रंग जात नाही, नंबर तिथे सुरक्षित राहतो.

थिनर-टर्पेंटाइनचा डबा उघडा असताना गॅसचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या. आणि देवघर किचनमध्येच असेल तर त्या दिवशी निरांजन दुसऱ्या खोलीत. हे सांगायला लोक विसरतात.

जुना रंग खरवडताना काही धोका आहे का?

आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं असू शकतं. जुनी रंगवलेली शटरं कोरडी घासलीत तर ती धूळ पीठ-साखरेच्या डब्यांपर्यंत जाते. पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओलं घासा, आणि त्या वेळी लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. मायक्याच्या शटरांना हा प्रश्न नाही.

पावसाळ्यात रंगकाम करावं का?

नको. कोकणात आणि मुंबईत तर मुळीच नको. हवेत ओल असली की लॅकर पांढुरका पडतो आणि पीयूला बारीक फोड येतात. दसऱ्यापर्यंत थांबा.

वाळवी लागली होती, आता दिसत नाही. रंग मारून टाकू का?

दिसत नाही म्हणजे गेली असं नाही. वाळवीला उजेड नको असतो, त्यामुळे ती मायका आणि रंग यांना हात लावत नाही, आतलं खाते. बाहेरून देखणं शटर उचलायला गेलात तर कागदासारखं हलकं लागतं. मी एका शटरची मूठ ओढली तर मूठ मायक्याच्या तुकड्यासकट हातात आली, मागे नुसती माती होती.

आधी शत्रू ओळखा. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून किंवा कडप्प्यावरून चढताना दिसल्या तर वाळवी. माती नाही, पण बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी पडते आहे, तर तो भुंगा. भुंगा त्या लाकडातच असतो, तेवढी पाटी काढून टाकली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. वाळवी मात्र बाहेरून, जमिनीतून किंवा डक्टमधून येते. तिच्यासाठी भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे ओळीने भोकं पाडून औषध सोडावं लागतं. ते काम आधी, लाकूडकाम नंतर. उलटं केलंत तर नव्या ट्रॉल्या म्हणजे वाळवीला ताजं ताट वाढल्यासारखं.

फक्त शटरं बदलायची तर माल किती लागतो?

एक उदाहरण मांडून दाखवतो. बारा फुटी ओटा, खाली १८ बाय २८ इंचांची आठ शटरं, वर १८ बाय २४ इंचांची सहा. खालचं एक साडेतीन चौरस फूट, म्हणजे आठांचे २८. वरचं एक तीन चौरस फूट, सहांचे १८. एकूण ४६ चौरस फूट. प्लायचं शीट आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फुटांचं. पहिल्या शीटमधून खालची सहा शटरं निघतात. दुसऱ्यातून उरलेली दोन आणि वरची सगळी सहा. दोन शीटमध्ये काम भागतं. बाहेरून एक मिलिमीटरचा मायका आणि आतून पातळ, दोन्हींची दोन-दोन शीट.

सुताराने याच मापाच्या शटरांना चार शीट प्लाय सांगितला तर कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसा. मायका उभ्या लाकडी रेषांचा असेल तर तो जास्त लागतो, कारण रेषा आडव्या करून चालत नाही. पण ते मायक्याचं झालं, प्लायचं नव्हे.

सांगाडाही नवा करायचा म्हटलात तर याच किचनला आणखी पाच-सहा शीट लागतील, शिवाय पाठीच्या पातळ प्लायची वेगळी. फरक तिथे आहे.

आतून मायका लावायला टाळाटाळ करणारे कारागीर भेटतील. ऐकू नका. एकाच बाजूला मायका असलेलं शटर वर्षभरात धनुष्यासारखं वाकतं. आणि चारही कडांना कड झाकणारी टेप हवी. खालची कड दिसत नाही म्हणून ती सोडून देतात, आणि लादी पुसताना पाणी नेमकं तिथूनच चढतं.

जुन्या मायक्यावर नवा मायका चिकटवता येतो का?

येतो, जुना कुठेही सुटलेला नसेल आणि घासून खरखरीत केला असेल तर. फक्त शटरची जाडी वाढते आणि शेजारची दोन शटरं एकमेकांवर घासायला लागतात. कडा रंधाव्या लागतात. एवढं करण्यापेक्षा नवं शटर बरं पडतं, असं माझं मत.

व्हिनाइलचा स्टिकर लावला तर?

भाड्याच्या घरात लावा. शेगडीपासून लांब लावा.

भाड्याचं घर आहे. मालक म्हणतात ‘तुम्हाला हवं ते करा’.

लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. सोडून जाताना ‘मूळ मायका खराब केला’ म्हणून डिपॉझिट कापल्याच्या तक्रारी मी ऐकत असतो. मुठी बदला, आतल्या पाट्या स्वच्छ करा, बिजागऱ्या ताठ करा. एवढ्यानेही घर वेगळं दिसतं.

ट्रॉली ओढली की खडखडते, बास्केट गंजलीय. म्हणून सगळंच बदलायचं म्हणतोय.

हा ना रंगाचा प्रश्न आहे ना बदलण्याचा. चॅनल आणि बास्केट या सुट्या मिळणाऱ्या वस्तू आहेत. चॅनल २० इंची आहे की २२, बास्केटची रुंदी-खोली-उंची किती, एवढं मोजून दुकानात जा. तासाभराचं काम आहे.

लोंबणाऱ्या शटराचं तर आधी बिजागरीचे स्क्रू बघा. भोक मोठं झालं असेल तर आगपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी स्क्रू पुन्हा घाला. प्लायमध्ये हे वर्षानुवर्षं टिकतं. पार्टिकल बोर्डात थोडे महिने, पण तेवढा वेळ तरी मिळतो.

नवी बास्केट घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो: ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.’ ३०४ हा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा ग्रेड, पण चुंबकावर जाऊ नका. २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, स्वस्त पडतं आणि लवकर गंजतं. रत्नागिरी-मालवण-गोव्याकडच्या खाऱ्या हवेत तर २०२ची बास्केट फार दिवस काढत नाही. पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायला नकार दिला की उत्तर मिळालंच.

मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्याकडे सगळे कॅबिनेट रंगवतात. मग आपल्याकडे का नको?

तिच्याकडे ते बरोबरच आहे. तिकडे ओट्याचा दगड कॅबिनेटवरच टेकलेला असतो. खालचं काढायचं म्हणजे वरचा दगड, सिंक, नळ सगळं उचलायचं. शिवाय दारं आणि पुढची चौकट पुष्कळदा अस्सल लाकडाची असते, आणि लाकूड रंग छान धरतं. आपल्याकडे दगड कडप्प्यावर आणि दार मायक्याचं. गणितच उलटं आहे. मुलीचं घर १९७८च्या आधीचं असेल तर तिला जुन्या रंगातल्या शिशाचं मात्र जरूर सांगा. तिकडे घरगुती रंगात शिशाला बंदी त्या वर्षी आली.

आजोबांच्या वेळचं सागवानी फडताळ आणि दारं आहेत. नव्या किचनमध्ये शोभत नाहीत.

आधी मला फोन करा, मग ठरवा.

गंमत बाजूला ठेवू. कोकणातल्या आणि गोव्याच्या घरांत, पुण्या-वाईच्या वाड्यांत असलेलं जुनं सागवान आज त्या दर्जाचं सहज मिळत नाही. त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ऑइल पेंटचे थर चढलेले असतात: वर पिस्ता, खाली आकाशी, त्याखाली गेरूसारखा लाल. एक कोपरा, रुपयाएवढा, ओल्या पॉलिश पेपरने खाली लाकडापर्यंत घासून बघा. मध-तपकिरी रंग आणि सरळ रेषा दिसल्या, आणि चामड्यासारखा तेलकट वास आला, तर त्यावर रंगाचा आणखी थर चढवणं हा गुन्हा आहे, असं मी ग्राहकाच्या तोंडावर सांगतो. रंग उतरवून पॉलिश करा. दारं नव्या मापात बसत नसतील तर तीच फळी कापून नवी शटरं होतात. सागाला वाळवी सहसा लागत नाही ते त्याच्या गाभ्याच्या लाकडामुळे. कडेच्या फिकट लाकडाला मात्र ती लागते, तेवढं तपासून घ्या.

मग शेवटी खर्चात फरक किती?

दर शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून आकडा मागू नका, कोटेशन तोडून मागा. माल, मजुरी, हार्डवेअर, वाहतूक, जुना माल उतरवणं, प्रत्येकाची ओळ वेगळी. ‘इतके रुपये चौरस फूट, सगळं धरून’ असं सांगणाऱ्याला एकच विचारा: हा चौरस फूट शटरचा की बॉक्सच्या दर्शनी भागाचा, आणि बास्केट यात धरलीय का? तिथे आवाज जरा खाली येतो.

रंगकामाचंही तसंच. मायक्यावर प्रायमरसकट पीयू नीट करून घेतलं तर ते शटर नवं करण्याच्या बरंच जवळ जातं, हे लोकांना धक्कादायक वाटतं. पण त्यात माणसाचे दिवस जातात, आणि आता प्लायपेक्षा माणूस महाग आहे. म्हणून चांगल्या सांगाड्यावर मायक्याची जुनी शटरं असतील तर मी शटरं बदलायला सांगतो. शटरं लाकडाची, आधीच रंगवलेली किंवा एमडीएफची असतील आणि फुगलेली नसतील तर रंगवायला सांगतो. दोनपेक्षा जास्त खण कुजले असतील, किंवा ओट्याची उंचीच घरातल्या बाईला पाठदुखी देत असेल, तेव्हाच सगळं काढा.

काढलेल्या जुन्या मालाचं काय करायचं?

खाली कचराकुंडीशी ठेवू नका, सोसायटी दंड लावेल. ठेकेदाराशी बोलतानाच राडारोडा कोण उचलणार ते ठरवा. धड प्लायच्या पाट्या माळ्यावरच्या फळ्यांना, गॅलरीतल्या कुंड्यांखाली, शेजारच्या दुकानाला उपयोगी पडतात, आणि सुतार त्या आनंदाने नेतात.

एक मात्र करू नका. गावाकडे अजून बंब पेटतो, आणि ट्रॉल्यांचे तुकडे ‘जळण झालं’ म्हणून पोत्यात भरून तिकडे पाठवले जातात. मायका, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, जुना ऑइल पेंट, सगळ्यांत राळ आणि रसायनं आहेत. तो धूर न्हाणीघरात कोंडतो आणि उरलेली राख कुणी तरी भांडी घासायला घेतं. सागाचे बिनरंगाचे तुकडे असतील तर खुशाल पाठवा. आणि फडताळाच्या जुन्या पितळी बिजागऱ्या भंगारवाल्याला देण्याआधी एकदा चिंचेने घासून बघा.